ट्राउटना आग्रह करू नये

मी माशांची माफी मागायचो. मोठ्याने नाही, मनातल्या मनात, आणि तीही मराठीत. इंग्रजीत 'सॉरी' म्हटलं की रस्त्यात कुणाला खांदा लागल्यासारखं वाटतं. हॅम्पशायरमधल्या एका ट्राउट फार्मवर मी मॅनेजर होतो. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. ज्याला सकाळी प्रेमाने खायला घालायचं त्यालाच पुढे बर्फात झोपवायचं, या व्यवहाराने मला रोज अपराधी वाटे. त्यात भर म्हणजे रविवारी मी तोच मासा कोकमाच्या आगळात मुरवून, तळून खात असे, आणि तो मला फारसा आवडतही नसे. आवडला असता तर निदान त्याच्या मरणाला काही अर्थ होता.

बायको म्हणायची, "अरे, तुझं गिल्ट हे दुखणं नाही. तो छंद आहे." ती गावातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती आणि दिवसभर लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट पाहत असल्यामुळे माझ्या मनाच्या रिपोर्टांत तिला रस नव्हता.

कोकणातल्या मत्स्य कॉलेजात शिकून, मग स्कॉटलंडमध्ये पुढचं शिकून, चाळिशी उलटल्यावर मी या फार्मवर आलो होतो. राहायला फार्मच्याच आवारातलं एक कॉटेज. वर्क परमिट फार्मच्या नावावर. म्हणजे नोकरी गेली की घर, परमिट आणि देश अशी सगळी रांग पाठोपाठ जाणार. दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं होती. आठवड्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनकार्ड आणायचं, नाण्याने खरवडायचं आणि भारतात सर्वांना सांगायचं की इकडे सगळं छान आहे.

सगळं छान नव्हतं. फार्म नदीकडून पाणी उसनं घ्यायचं, ते तळ्यांमधून फिरवायचं आणि खाली पुन्हा नदीत सोडायचं. घेताना ते काचेसारखं असे. परत देताना दिसायला काचेसारखंच, पण त्यात फॉस्फरस जास्त असे. फॉस्फरस म्हणजे खत. शेतात पडला तर पीक, नदीत पडला तर शेवाळ. आमच्या खालच्या वळणावर नदीतल्या दगडांना हिरवी लव फुटली होती. लांबून पाहिलं तर कुणीतरी दगडांना स्वेटर घातलेत असं वाटे. नदीखात्याच्या बाई येऊन नमुने घेऊन गेल्या आणि त्यांनी मालकांना शांतपणे सांगितलं की शरद ऋतू लागेपर्यंत हे खाली आणा, नाहीतर खालची अर्धी तळी बंद करावी लागतील.

मालक तिसऱ्या पिढीतले मासेवाले होते. बोलणं कमी, आणि तेही निम्मं कुत्र्याशी. त्यांनी माझ्याकडे न पाहता मला परिस्थिती समजावली. "अर्धं फार्म असेल तर ते मी आणि हा चालवू शकतो," असं म्हणून त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. कुत्र्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

यावर उपाय मीच सुचवला होता, म्हणून तर माझी झोप उडाली होती. गोम खाद्यात होती. आमचं जुनं खाद्य माशांच्या भुकटीचं. त्यात काटे-हाडं सगळी दळलेली, आणि हाडं म्हणजे फॉस्फरसच फॉस्फरस. ट्राउटला त्यातला थोडासाच लागतो. उरलेला तो शेपटीकडून परत करतो, आणि न खाल्लेली गोळी तळाशी विरघळते ती वेगळीच. नवं खाद्य निघालं होतं: फॉस्फरस कमी, तेल जास्त, गोळी घट्ट. थोडं खाऊनही मासा तेवढाच वाढतो. महाग होतं. मालकांनी एक गोळी तळहातावर घेतली, हुंगली आणि कुत्र्यापुढे धरली. कुत्र्याने हुंगून तोंड फिरवलं. तरी मालक म्हणाले, तू म्हणतोस तर आणू. जुन्या खाद्याची उरलेली पोती शेडच्या कोपऱ्यात लावून ठेवली. विक्रेता ती परत नेणार होता, आणि 'पुढच्या आठवड्यात येतो' असं दर आठवड्याला सांगत होता.

नवं खाद्य सुरू झालं आणि त्याच सुमारास सासूबाई आल्या.

सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, लग्न करून पुण्यात आलेल्या. सहा महिन्यांच्या व्हिसावर, बॅगेत सुकट आणि सोडे घेऊन उतरल्या. त्यांच्या घरी जेवणं म्हणजे काय ते त्यांचा जावई झाल्याखेरीज कळणार नाही. त्या वाढायला उभ्या राहिल्या की नको म्हणणं हे फक्त सौजन्य समजलं जाई. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून आमटी येत असे. आमच्या लग्नात वरपक्षाकडचे एक काका त्यांच्या आग्रहाला भिऊन हात धुवायच्या निमित्ताने उठले ते थेट बसस्टँडवर गेले, ही गोष्ट त्या अभिमानाने सांगत.

पहिल्याच सकाळी राणी रंगाची जाड लोकरी शाल पांघरून त्या तळ्याकाठी आल्या. मी तक्ता बघून खाद्य मोजत होतो. पाणी किती गार, मासे किती वजनाचे, त्यावरून किती घालायचं ते ठरतं. मी मोजून मापटी टाकली आणि पुढच्या तळ्याकडे वळलो.

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, आई, त्यांना एवढंच लागतं.

"ते बघा, तोंडं वर करून बसलेत."

"ते नेहमीच तोंडं वर करतात."

"भूक असते म्हणूनच करतात ना, जावईबापू."

मी त्यांना फॉस्फरसबद्दल बरंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग शेडमध्ये गेल्या आणि बाजारात सुकट घेताना करतात तशी नव्या पोत्यातली चिमूट बोटांवर चुरडून नाकाशी नेली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग कोपऱ्यातल्या जुन्या पोत्याशी जाऊन तेच केलं, आणि त्यांचा चेहरा माहेर भेटल्यासारखा झाला. "हे खरं," त्या म्हणाल्या. "ह्याला वास आहे." मी कौतुकाने हसलो. कुत्र्याचं आणि सासूबाईंचं एकमत झालेलं मी पाहिलं आणि त्यातून काहीही शिकलो नाही.

पहिले नमुने चांगले आले. फॉस्फरस थोडा उतरला. मालक कुत्र्याला म्हणाले की पाहू या. मग उन्हाळा लागला आणि आकडे पुन्हा चढायला लागले.

तो उन्हाळा मी कसा काढला ते मलाच माहीत. वाहत्या पाण्यातला गाळ बसावा म्हणून शेवटी एक गाळाचं तळं होतं. ते मी स्वतः उपसलं. जाळ्या धुतल्या. तापमापक बदलला. खाद्यविक्रेत्याला फोन करून विचारलं की गोळीत गडबड आहे का, आणि नंतर संशय घेतल्याबद्दल पुन्हा फोन करून त्याची माफी मागितली. मधेच मासेही विचित्र वागायला लागले. संध्याकाळी मी खाद्य टाकलं की पूर्वी जे पाण्यावर तुटून पडायचे ते आता पाहुण्यांसारखे जरा हुंगायचे आणि बाजूला व्हायचे. निम्म्या गोळ्या डोळ्यांदेखत तळाशी जायच्या. आणि दुपारी सगळा थवा तळ्याच्या एकाच कोपऱ्यात जमायचा, आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीच्या बाजूला. मी तिथे ऑक्सिजन मोजला. सगळीकडे सारखाच होता. मग वाटलं, ते माझ्यापासून लांब जात असावेत.

हे मी रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माशांना तुझ्याबद्दल मत नसतं." जरा वेळाने म्हणाली, "पण वजन वाढलंय त्यांचं, नाही का?" वाढलं होतं. मी त्याचं श्रेय नव्या खाद्याला दिलं होतं.

ऑगस्टच्या शेवटी नदीखात्याच्या बाई पुन्हा आल्या. मालक, मी आणि कुत्रा असे आम्ही त्यांच्याबरोबर फिरत होतो. मी त्यांना गाळाचं तळं किती स्वच्छ आहे ते दाखवायला कडेवर वाकलो आणि आत गेलो. खोल नव्हतं. कमरेपर्यंतच्या त्या स्वच्छ गाळात उभा राहून मी बाईंची माफी मागितली. मालकांनी हात दिला. वर आलो तेव्हा दात वाजत होते. दोरीवर कपडे घालत असलेल्या सासूबाई धावत आल्या, त्यांनी स्वतःची राणी रंगाची शाल काढून मला डोक्यावरून गुंडाळली आणि "घरी जा आधी" म्हणून ढकललं.

घराची वाट मोठ्या तळ्याच्या काठाने जायची. मी दोन पावलं टाकली आणि शेजारचं पाणी उकळायला लागलं.

दुसरा शब्द नाही. सगळे मासे काठाशी आले. एकमेकांच्या अंगावर चढत होते, तोंडं उघडून माझ्याकडे बघत होते, एक तर उडी मारून गवतावरच येऊन पडला. त्याला मी परत पाण्यात सोडला. मी पुढे गेलो, थवा पुढे आला. थांबलो, थांबला. मागे वळलो तर तेही सगळे एकदम मागे वळले. उन्हाळाभर ज्यांनी मला विचारलं नव्हतं त्यांचं हे प्रेम पाहून खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले.

मालकांनी खूण करून शाल मागितली. त्यांनी ती स्वतः पांघरली आणि चालले. मासे त्यांच्याबरोबर. मग त्यांनी ती काढली, कुत्र्याच्या पाठीवर घालून गळ्याखाली गाठ मारली आणि शीळ घातली. राणी रंगाची शाल घेऊन कुत्रा ऐटीत तळ्याला फेरी मारून आला आणि पाण्यातून सगळी वरात त्याच्या मागे. नदीखात्याच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

मग आम्ही चौघांनी, कुत्रा धरून, सासूबाईंकडे पाहिलं. त्या तिथे नव्हत्या. त्या शेडमधून बाहेर येत होत्या, काखेत आमचं भाताचं मोठं पातेलं, त्यात जुन्या पोत्यातलं खाद्य. दुपारची वेळ झाली होती. पाहुणे आहेत म्हणून नेम चुकवावा असं त्यांना वाटलं नसावं. त्या काठाशी आल्या, पंगतीत वाढतात तसं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत गेल्या आणि मागे राहिलेल्या लहान माशांकडे खास लक्ष देऊन म्हणाल्या, "घ्या रे, लाजू नका. पोटभर घ्या."

त्या काय म्हणाल्या, असं बाईंनी मला विचारलं. मी भाषांतर केलं.

मग मला राहवेना. मी म्हटलं की ही माझी जबाबदारी आहे, पोती मी तिथे ठेवली, लक्ष मी दिलं नाही. एकदा सुरू झालं की मला थांबता येत नाही. पाणीटंचाईमुळे पाइपने गाडी धुवायला बंदी होती तेव्हा मी बादलीने धुतली, पण शेवटी एकदा पाइप लावला होता, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "ते माझं खातं नाही."

त्यांचं खातं होतं त्यातलं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. खाद्य बदललं म्हणता आणि दुपारी जुनंच चालू आहे, तर या नमुन्यांवरून नव्याची परीक्षा होत नाही. काही आठवड्यांनी त्या आणखी एकदा येतील. तो नमुना शेवटचा. मालकांनी मान हलवली, विक्रेत्याला तिथूनच फोन लावला आणि इतक्या थोड्या शब्दांत काही बोलले की तो दुसऱ्या दिवशी सकाळीच पोती घेऊन गेला.

त्या दुपारी सासूबाई नव्या पोत्यातलं पातेलं भरून काठावर हजर होत्या. वास नाही तर नाही, म्हणाल्या, निदान जास्त तरी वाढू.

मी पुन्हा फॉस्फरस काढला. त्या म्हणाल्या की आमच्याकडे खताला पैसे मोजावे लागतात, तुमच्या नदीला फुकट मिळतंय तर तक्रार कसली. मी परमिटचं सांगितलं, घराचं सांगितलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि दुसऱ्या दिवशी पातेल्याऐवजी लहान वाटी घेऊन गेल्या. त्यांचा दोष नव्हता. तोंड वर करून बसलेल्याला वाढायचं नाही, हे त्यांना आयुष्यात कुणी शिकवलंच नव्हतं. बायको म्हणाली, "अरे, तू तिला केमिस्ट्री सांगतोयस. स्वयंपाकघरातलं सांग काहीतरी."

आमच्या खालच्या वळणावर एक वयस्कर गृहस्थ एकटे राहायचे. नदीचा छोटा पाट परसात वळवून त्यात ते हौसेने वॉटरक्रेस लावत. ही पाण्यात वाढणारी, जराशी तिखट पालेभाजी. मी सासूबाईंना फिरायला म्हणून तिकडे नेलं. दगडांचे हिरवे स्वेटर दाखवले. पाटात त्यांच्या भाजीच्या देठांना बुळबुळीत शेवाळ लागलं होतं. ते गृहस्थ एकेक देठ हाताने सोलत बसले होते. आम्हाला पाहून उठले, त्यातल्या त्यात चांगली जुडी निवडून धुतली आणि दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे धरली.

सासूबाईंनी हात पुढे केला तेव्हा मी म्हटलं, "आई, हे शेवाळ आपल्याकडून आलंय."

"आपल्याकडून कसं?"

"आपण जास्त वाढतो. माशांच्या पानात राहतं. ते पाणी वाहत इथे येतं, यांच्या भाजीवर."

त्यांचा हात तसाच हवेत थांबला. "म्हणजे उष्टं?"

"उष्टंच."

"शेजाऱ्याच्या दारात मी उष्टं टाकतेय? रोज?"

मी नुसती मान हलवली. एवढ्यावर मी भागवलं असे प्रसंग फार नाहीत. सासूबाईंनी त्या गृहस्थांकडे पाहिलं, त्यांच्या ओल्या, हिरव्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी जुडी घेतली, तिथेच एक देठ मोडून खाल्ला, आणि मराठीत त्या गृहस्थांना म्हणाल्या, "चुकलं माझं." त्यांना वाटलं भाजी आवडली. त्यांनी आणखी दिली.

त्या दिवसापासून तळ्यावरचं राज्य बदललं. मी खाद्य टाकायला लागलो की त्या शेजारी येऊन उभ्या राहत. एखादी गोळी खाली बुडताना दिसली की म्हणत, "बास. पानात टाकायला लागले." माझा हात पुन्हा मापट्याकडे गेला तर मनगट धरत. लहान-मोठे मासे निवडून वेगवेगळ्या तळ्यांत घालण्याआधी त्यांना एक दिवस उपाशी ठेवतात. मला त्या दिवशीही अपराधी वाटायचं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे की. एक दिवस चतुर्थी करतील." मासे तरीही बरेच दिवस दुपारी दोरीखालच्या कोपऱ्यात जमत राहिले. मग सासूबाईंनी राणी रंगाची शाल कपाटात ठेवून दिली, मुलीची करडी घेतली आणि कपडे घरातच रेडिएटरवर वाळत घालायला सुरुवात केली. कारण विचारलं तर म्हणाल्या, द्यायचं नाही तर आशा कशाला लावायची.

शेवटचा नमुना घेऊन बाई गेल्या. त्यानंतरचे दिवस बायकोनेही माझ्या गिल्टला छंद म्हटलं नाही. तिने घरातली खोकी कुठे आहेत ते एकदा पाहून ठेवलेलं मला दिसलं, पण मी दिसलं नाही असं दाखवलं.

मग एका रविवारी सकाळी दार वाजलं. मालक आणि कुत्रा. मालक उंबऱ्यावर उभे राहून कुत्र्याला म्हणाले, "सांग यांना, सगळी तळी चालू राहणार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं खाद्य बरं आहे." एवढं कौतुक त्यांनी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. मी उन्हाळाभराच्या त्रासाबद्दल त्यांची माफी मागितली. आत बायको खुर्चीवर बसली आणि बराच वेळ हसत राहिली. मधेच रडत असावी.

सासूबाईंनी मालकांना जेवायलाच बसवलं. ट्राउटचं कालवण, भात, वॉटरक्रेसची पीठ पेरून भाजी. मालक सगळं जेवले, घामाघूम झाले, आणि सासूबाई डाव घेऊन आल्या तेव्हा त्यांनी ताटावर दोन्ही हात धरले. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जीव वाचवायला माणसाला आपोआप सुचतं. मी त्यांच्या बोटांच्या फटींकडे पाहत होतो.

डाव हवेत थांबला. "जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "खरं सांगा. पोट भरलंय का यांचं?"

"भरलंय, आई."

त्यांनी मालकांच्या ताटाकडे पाहिलं. त्यात काही टाकलेलं नव्हतं. मग त्यांनी डाव मागे घेतला. बायकोने हातातला घास खाली ठेवला. तिने तिच्या उभ्या आयुष्यात हे पाहिलं नव्हतं.

पण डाव भरलेला होता आणि तो परत पातेल्यात ओतणं त्यांच्या हातून होईना. त्या माझ्याकडे वळल्या. मला भूक नव्हती, ट्राउट मला आवडत नव्हता, आणि हा मासा तर मी स्वतः वाढवलेला. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि ताट पुढे केलं.